राखेपाशी बसलेली मांदेली

मांजर शर्लिनच्या मांडीवर झोपली होती आणि रोझलीनच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

झोपावं, झोपायला कोणाची ना नाही. पण अशी? चारी पाय वर टाकून, पोट उघडं सोडून? चार वर्षं जिनं बोंबलाची डोकी नि कोलंबीची सालं आपल्या हातानं भरवली, तिला या मांजरीनं आजवर पोटाला बोट लावू दिलं नव्हतं. आणि ही कालची सून, शर्लिन! मासा दोन बोटांच्या चिमटीत धरणारी, बाजारातून साफ केलेले तुकडे पिशवीत घालून आणणारी. तिला पोट!

"मम्मी, बघा ना, कशी घोरतेय," शर्लिन कौतुकानं म्हणाली.

"बघते," रोझलीन म्हणाली आणि उठून बाल्कनीत गेली. बाल्कनीत बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या इमारतीची बाल्कनी होती.

रोझलीन म्हणजे साधीसुधी बाई नव्हे हो. पाचूबंदरच्या धक्क्यावर चाळीस वर्षं तिनं मासळी विकली. लिलावाला उभी राहिली की तिचा आवाज किल्ल्याच्या तटावर आपटून परत यायचा. गिऱ्हाईक दुसऱ्या कोळणीकडे वळलं तर तिला दिवसभर जेवण गोड लागत नसे. नवरा गेला, मग गुडघे गेले, आणि मुलगा कॉन्रॅड, जो वालीवच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, तिला एव्हरशाईनमधल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. या घरात स्वयंपाकघर शर्लिनचं, पडदे शर्लिनचे, कपाटाच्या चाव्या शर्लिनच्या, आणि मुलगा तर केव्हाचा तिचा झालेला. रोझलीनची म्हणावी अशी एकच वस्तू त्या घरात आली. ती मांदेली. धक्क्यावर जन्मलेली, पिवळी धमक, मांदेली माशाच्याच रंगाची मांजर.

"मी येते, पन माजी मांजर येनार," रोझलीननं कॉन्रॅडला ठणकावून सांगितलं होतं.

शर्लिनची पण एक अट होती. "येऊ दे. पण घरात घाण नको. तिला नीट सवय लागली तर राहील. नाहीतर परत पाचूबंदरला." बोलली गोड, पण बोलली. पाचूबंदरला आता होतं कोण? घराला कुलूप, आणि शेजारी नणंद सुझान, जिच्या दारात दोन दांडगे कुत्रे. मांदेलीचे तिथं चार दिवससुद्धा निघाले नसते, हे रोझलीनला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्यांदा मांजरीच्या संडासाच्या डब्यात घालायला दुकानातली मातीची लिटर आणली. डब्यात ओतताना असा धुरळा उडाला की कॉन्रॅडला धाप लागून दम्याचा पंप ओढावा लागला. शर्लिननं ती पिशवी तशीच बांधून ठेवली आणि जाहीर केलं, की आता काहीतरी नैसर्गिकच शोधायचं, धूळ नको, वास नको, केमिकल नको.

"मंग पाचूबंदरची वालू आनू," रोझलीन म्हणाली. "देवानं केलेली हाय. त्याच्यापरीस नैसर्गिक काय असनार?"

आणली. मांजरीनं लगेच वापरलीही, आणि रोझलीननं दोन दिवस मान ताठ करून घरभर फेऱ्या मारल्या. पण वाळू मांजरीच्या पायांना चिकटून सोफ्यावर गेली, गादीवर गेली, आणि तिसऱ्या दिवशी कॉन्रॅडच्या डब्यातल्या भाजीत गेली. मग रोझलीननं ओळखीतल्या नथूकडून भाताचा तूस मागवला. पंखा सुरू केला आणि संपूर्ण हॉलमध्ये तूस! शर्लिन एक शब्द बोलली नाही. झाडू घेतला आणि झाडत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मग शर्लिनची पाळी. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. घरी आली की मोबाईल घेऊन बसायची आणि वाचायची. सोयाबीनच्या चोथ्याची आणली, तर मांदेलीनं ती खायलाच सुरुवात केली. मक्याची आणली, तिला मुंग्या लागल्या. (त्या दिवशी रोझलीननं खुशीत आपल्या चहात साखर जरा जास्तच घातली.) शेवटी शर्लिननं लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या आणल्या. कसला सेंट नाही, कसली धूळ नाही. ओल्या झाल्या की फुगून त्यांचा भुसा होतो, तेवढा काढून टाकायचा. आणि एकदम बदलल्या नाहीत हो तिनं. डब्यात आधी मांजरीच्या सवयीची वाळूच पुन्हा भरली, तिच्यात पहिल्या दिवशी मूठभर नव्या गोळ्या, दुसऱ्या दिवशी दोन मुठी. डबा जेवणाच्या वाटीपासून उचलून बाथरूमबाहेरच्या शांत कोपऱ्यात नेला. सकाळ-संध्याकाळ स्वतः साफ केला. दहाव्या दिवशी डब्यात नुसत्या गोळ्या होत्या आणि मांदेली शहाण्या बाळासारखी आत जाऊन, उकरून, झाकून बाहेर येत होती.

मांजर राहिली. रोझलीनला आनंद व्हायला हवा होता की नाही? झालाही. अर्धा दिवस टिकला.

कारण मग मांदेली शर्लिनच्या मागे मागे फिरू लागली. शर्लिन लॅबमधून यायच्या वेळेला दाराशी जाऊन बसू लागली. समोरच्या फ्लॅटमधली जागृती आपल्या मांजरीसाठी विचारायला आली आणि म्हणाली, "शर्लिन, तुझी मांजर किती शिस्तीची गं!" तुझी मांजर! रोझलीन तिथेच कोथिंबीर निवडत बसली होती. तिला असा संताप आला की देठांबरोबर पानंही कचऱ्यात गेली.

"माजी हाय ती," ती म्हणाली, पण तोवर दोघी डबा बघायला आत गेल्या होत्या.

खरं सांगायचं तर रोझलीन जळत होती. धक्क्यावर दुसऱ्या कोळणीच्या पाटीभोवती गर्दी बघून जळायची, तशीच.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर ती सुझानकडे पाचूबंदरला गेली. सुझानच्या परसात अजून पाणी तापवायची चूल आहे. चुलीत गार झालेली, मऊसूत, पांढुरकी राख बघून रोझलीनच्या डोक्यात प्रकाश पडला. पाचूबंदरात मांजरीनं कुठं घाण केली की बायका काय टाकतात? राख! वास बसतो, ओल बसते. जन्मभर आपण हेच केलं आणि ही पोर मोबाईलमध्ये बघून शिकवते! तिनं बिस्किटांचा रिकामा डबा मागून घेतला आणि राखेनं गच्च भरला.

बेत असा होता. शर्लिनच्या गोळ्यांमध्ये गुपचूप राख मिसळायची. चार दिवस वास येणार नाही, शर्लिन खूश होऊन म्हणणार, काय छान गोळ्या आहेत. मग रोझलीन खाटेखालून डबा काढून समोर ठेवणार आणि म्हणणार, गोळ्या कसल्या, ही माजी राख! तो क्षण तिनं रिक्षात येताना तीनदा मनात रंगवला.

सोमवारी शर्लिन कामावर गेल्यावर रोझलीननं दोन ओंजळी राख गोळ्यांवर पसरली आणि भुशात दिसेनाशी होईपर्यंत हातानं कालवली. वाकताना गुडघे ओरडले, पण तिनं त्यांना गप्प केलं. मांदेली आली. तिनं डबा हुंगला, आणि आत जायचं सोडून डब्यासमोर पुढचे पाय जुळवून बसली. एकदा डब्याकडे बघी, एकदा रोझलीनकडे. मग म्याव.

"जा की आत!"

म्याव. अर्धा तास बसली ती तशीच. मग उठली आणि सरळ शर्लिनच्या बिछान्यावर गेली. तिथं लॅबचा इस्त्री केलेला पांढरा कोट होता.

संध्याकाळी शर्लिननं कोट उचलला आणि तिचं तोंड एवढंसं झालं. रोझलीननं तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण शर्लिन म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं असेल," आणि ते वाक्य रोझलीनला असं काही गोड लागलं की तिनं तोंड मिटून घेतलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा या घरात शर्लिनचं काहीतरी चुकलं होतं.

शर्लिननं डबा रिकामा करून नव्या गोळ्या भरल्या. मंगळवारी रोझलीननं पुन्हा राख घातली. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारी पुन्हा. आता बेत वगैरे काही राहिला नव्हता. निव्वळ पोटात दुखत होतं म्हणून घालत होती. आणि मांदेली रोज तशीच, डब्यासमोर पाय जुळवून बसायची, म्याव करायची, आणि मग कुठंतरी घाण. उशीवर, पायपुसण्यावर, शुक्रवारी कॉन्रॅडच्या बुटात.

कॉन्रॅड बूट हातात धरून हॉलमध्ये आला. "बस झालं. रविवारी मी हिला पाचूबंदरला सोडून येतो."

"सुझानचे कुत्रे हायत रे तिथं," रोझलीन पुटपुटली.

"मग मी काय करू, मम्मी? शर्लिननं काय कमी केलं का?"

शर्लिन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रोझलीनला वाटलं, आता ही म्हणेल, मी आधीच सांगितलं होतं. पण शर्लिनच्या डोळ्यांत पाणी होतं. "मलाच नाही जमलं, मम्मी. सॉरी," ती म्हणाली आणि आत वळली.

ही रडते? माझ्या मांजरीसाठी? रोझलीनला त्याचाही राग आला. रडायचा हक्कसुद्धा हिनंच घेतला! पण त्या रागात आता काही दम नव्हता, आणि तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी कॉन्रॅडनं बाजारातून वाम आणली. रोझलीननंच सांगितलं होतं, जायच्या आधी तिला वाम खाऊ दे, तिला लहानपणापासून आवडते. वाम अख्खीच होती, हातभर लांब, बुळबुळीत. शर्लिननं एकदा हात लावून काढून घेतला. रोझलीननं सिंकमध्ये धरली, तर निसटून भांड्यांत गेली. पुन्हा धरली, पुन्हा सटकली. वाम काय अशी कोरड्या हातानं धरतात? वामेला राख लागते. राखेत हात घोळायचे, वामेला राख चोळायची, मग कुठं ती हातात राहते. चाळीस वर्षं धक्क्यावर ती हेच करत आली होती. इथं आल्यापासून कधी वेळच आली नव्हती. तिनं खाटेखालचा बिस्किटांचा डबा आणला, झाकण काढलं आणि मूठभर राख ओट्यावर टाकली.

आतल्या खोलीतून मांदेली धावत आली. वामेचा तुकडासुद्धा अजून पडला नव्हता. ती ओट्याखाली येऊन पुढचे पाय जुळवून बसली, एकदा राखेकडे, एकदा रोझलीनकडे बघितलं, आणि म्याव.

रोझलीनचे हात तिथल्या तिथे थांबले.

जेजू! ही तर रोज अशीच बसत होती. डब्यासमोर. धक्क्यावर रोझलीननं राख पसरली की आता मासा मिळणार, हे या जनावराला डोळे उघडल्यापासून ठाऊक. चार वर्षं ती अशीच पाय जुळवून समोर बसली होती. आणि रोझलीन तिच्या संडासात राख घालून म्हणत होती, हाग! ज्या जागी रोझलीनच्या हातचा मासा मिळतो, तिथं ती कशी घाण करणार? मांजर रुसली नव्हती, हट्टाला पेटली नव्हती. पाच दिवस ती रोझलीनची वाट बघत बसली होती. आणि त्या बदल्यात रोझलीननं तिला कुत्र्यांच्या तोंडी द्यायची वेळ आणली होती.

तिला हुंदका आवरला नाही. राखेच्या हातानं डोळे पुसले आणि आणखीच चुरचुरले.

"मम्मी? काय झालं?" शर्लिन धावत आली.

"राख मी टाकली," रोझलीन म्हणाली. "तुज्या गोल्यांत. रोज. तुजं कायबी चुकलं नाय. मीच टाकली."

शर्लिननं ओट्यावरची राख बघितली, बिस्किटांचा डबा बघितला. "पण का, मम्मी?"

लिलावात खोटं बोलायची रोझलीनला सवय होती, पण आता समोर मांदेली बसली होती. "जलत होते तुज्यावर," ती म्हणाली. "ती तुज्याकडं पोट उघडं टाकते. माज्याकडं कदी टाकलं नाय."

शर्लिनला राग आलाच असेल, का येऊ नये? तिचा कोट गेला होता, उशी गेली होती, पाच दिवस ती स्वतःला दोष देत होती. मग ती बाथरूमपाशी गेली, डबा उचलला, गरम पाण्यानं दोनदा घासला, पुसून कोरडा केला आणि नव्या गोळ्या ओतल्या. रोझलीन स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहिली. मांदेली आली, हुंगली, आत गेली. उकरलं, बसली, झाकलं. कॉन्रॅड पेपर वाचत होता, त्याला शर्लिन म्हणाली, "उद्या कुठं जायचं नाही. डब्यात चुकून काहीतरी पडलं होतं." चुकून, असं म्हणाली. रोझलीननं ऐकलं आणि खाली बघितलं.

मग शर्लिन ओट्यापाशी येऊन उभी राहिली. "मलाही शिकवा ना वाम धरायला," ती म्हणाली आणि तिनं राखेकडे हात नेला.

मांदेलीनं लगेच मान वळवून शर्लिनकडे बघितलं. पाय जुळवलेलेच होते.

रोझलीननं झटकन सगळी राख आपल्या बाजूला ओढून घेतली.

"हात लावू नको," ती म्हणाली. "मी तुला काय पन शिकवीन, पन राख नाय. तिला हागायला तुज्याकडं पाठवली ना? मंग जेवायला माज्याकडंच येनार."