स्वल्पविराम काकांची जागा

तिला सगळे टाइपबाई म्हणत. सव्वीस वर्षांपूर्वी ती संस्थेत टायपिस्ट म्हणून लागली होती. पुढे टाइपरायटर माळ्यावर गेले, संगणक आले, आणि ते कुणीतरी सांभाळायला हवेत म्हणून तिच्याच गळ्यात पडले. सुरुवातीला ती भीत भीत शिकली, मग हट्टाने. आता बावन्नाव्या वर्षी कुणी पासवर्ड विसरलं, कुणाची फाइल हरवली, की पाय आपोआप तिच्या टेबलाकडे वळत. नाव मात्र टाइपबाईच राहिलं.

संस्था म्हणजे डोळ्यांनी वाचता न येणाऱ्यांसाठी बोलती पुस्तकं तयार करणारं वाचनालय. वाचणारे सगळे हौशी. कुणी निवृत्त नर्स, कुणी शिंपी, कुणी कॉलेजात शिकवणारं. घरी बसून ते पुस्तक मोठ्याने वाचत आणि ध्वनिमुद्रित करत. प्रत्येकाला संस्थेचा एक इमेल पत्ता आणि त्याच्यासोबत क्लाउडवर, म्हणजे दूरच्या कुठल्याशा कंपनीच्या संगणकांवर, फायली ठेवायला जागा. ही सगळी जागा टाइपबाईच्या ताब्यात.

त्या वर्षी संस्थेने नाव बदललं. जुन्या नावात 'अंध' शब्द होता. आता हात थरथरणारे, अंथरुणाला खिळलेले, अक्षरं नाचताना दिसणारे, असे किती तरी जण पुस्तकं ऐकत, तेव्हा सगळ्यांना सामावेल असं नाव घ्यायचं ठरलं. नाव बदललं म्हणजे पाटी बदलायची, लेटरहेड बदलायचं आणि इमेलमध्ये ॲटच्या पुढे जे येतं तेही बदलायचं. त्याला डोमेन म्हणतात हे टाइपबाईला माहीत होतं, पण सचिवांना समजावताना ती त्याला पत्त्याचं शेपूट म्हणाली, आणि मग सगळी संस्था शेपूटच म्हणू लागली.

एका शनिवारी दुपारी, कार्यालय रिकामं असताना, तिने बेचाळीस जणांची यादी समोर ठेवून बेचाळीस शेपटं बदलली. काम सुरळीत झालं. सोमवारी सगळ्यांची पत्रं नव्या पत्त्यावर आली, आणि शिंपीकाकांनी तर तिला फोन करून सांगितलं की नवं शेपूट जुन्यापेक्षा शोभून दिसतं.

गडबड निघाली ती जागेच्या अहवालात. कुणी किती जागा वापरली हे सांगणारा तो अहवाल सचिवांना दर महिन्याला लागे. या वेळी त्यात प्रत्येक माणूस दोनदा आला होता. जुन्या पत्त्यासमोर शुक्रवारपर्यंतचे आकडे, नव्या पत्त्यासमोर शून्य.

"बाई, आपल्याकडे एकाएकी ऐंशीच्या वर माणसं झाली," सचिव म्हणाले. ते तरुण होते, नीटनेटके होते आणि बोलताना अर्धं लक्ष घड्याळाकडे असलं तरी मनाने वाईट नव्हते.

"जुळी झालीत सगळी," टाइपबाई म्हणाली. "अहवाल रोज ताजा होत नाही, साहेब. त्याला अजून नवी नावं कळलेली नाहीत. चार दिवस थांबू."

कंपनीच्या मदत विभागानेही तेच कळवलं, फक्त चारऐवजी सात दिवस सांगितले. ती थांबली. रोज सकाळी अहवाल काढून बघायची. हळूहळू जुन्या ओळी गळाल्या, नव्या ओळींत आकडे भरत गेले, आणि आठव्या दिवशी बेचाळीस माणसं बेचाळीस ओळींत नीट बसली. तिचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार वेळ राहिला नाही.

"सगळी जागा शंभर धरली तर वर लिहिलंय सत्त्याण्णव भरली," सचिवांनी कागदावर पेन टेकवलं. "आणि खालच्या माणसांची बेरीज केली तर होतात बासष्ट. मधले पस्तीस कुणाचे?"

तिने बेरीज तीनदा केली. बासष्टच. प्रत्येकाच्या खात्यात शिरून आकडा ताडून पाहिला, तो अहवालाशी जुळत होता. कचऱ्याच्या टोपल्या तपासल्या, त्या रिकाम्या होत्या. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते तिच्या हातून झालं असणार या विचाराने तिला दोन दिवस जेवण गोड लागेना.

तिचा नवरा बसडेपोत मेकॅनिक होता. सकाळी चहा पिताना त्याने विचारलं, "काय बिघडलंय?"

तिने सगळं सांगितलं. संगणकातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्याने नेहमीसारखं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आमच्याकडे कुणी हात लावल्यावर गाडी बिघडली, तर आम्ही आधी विचारतो, हात लावायच्या आधी ती कशी होती," तो म्हणाला. "तुझी कशी होती?"

टाइपबाईने कप खाली ठेवला. प्रत्येक अहवाल छापून फाइलला लावायची तिला सवय होती. त्यावरून संस्थेत तिची थट्टा व्हायची, पण सवय सुटली नव्हती.

कार्यालयात पोचल्या पोचल्या तिने शेपूट बदलण्याआधीचा कागद काढला आणि नव्या कागदाशेजारी ठेवला. जुन्यात त्रेचाळीस ओळी होत्या. पट्टी लावून एकेक नाव ती खाली सरकवत गेली, आणि एका नावाशी पट्टी थांबली. त्या नावासमोर आकडा होता पस्तीस.

ते स्वल्पविराम काका होते.

काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि निवृत्त झाल्यावर संस्थेसाठी वाचायला लागले. स्वल्पविराम आला की ते नेमके तेवढेच थांबत, ना कमी ना जास्त, म्हणून ऐकणाऱ्यांनीच त्यांना ते नाव दिलं होतं. त्यांनी छत्तीस पुस्तकं वाचली. सव्वा वर्षापूर्वी ते गेले, तेव्हा त्यांचं खातं टाइपबाईनेच बंद केलं होतं, पण आतल्या फायली तशाच राहिल्या होत्या.

आता सगळं उलगडलं. शेपूट बदलताना तिने हयात माणसांचीच यादी घेतली होती. काकांच्या खात्याला नवं शेपूट लागलं नाही, त्यामुळे नव्या अहवालाने त्यांना माणसांत धरलं नाही. पण त्यांच्या फायली जिथे होत्या तिथेच होत्या, म्हणून एकूण जागेत त्या मोजल्या जात होत्या.

सचिवांनी ऐकलं आणि मान हलवली. "चला, चूक सापडली. त्यांची छत्तीसच्या छत्तीस पुस्तकं वाचनालयाच्या खात्यात आहेत ना? मग हे सगळं काढून टाका. नव्या मुद्रणांना जागा उरलेली नाही."

"काढते. पण आधी उघडून बघते."

"काय बघायचंय?"

"छत्तीस पुस्तकांना एवढी जागा लागत नाही, साहेब. आत दुसरं काहीतरी आहे."

तिने कानाला हेडफोन लावले आणि पहिली फाइल उघडली. काकांचा आवाज आला. एक वाक्य त्यांनी वाचलं, स्वतःशीच "अंहं" म्हणाले, पुन्हा वाचलं, पुन्हा "अंहं". चौथ्यांदा मनासारखं आलं तेव्हा पुढे गेले. ही कच्ची मुद्रणं होती. चुका कापून काका पक्कं पुस्तक संस्थेला देत, पण त्यांचा संगणक कच्चंही सारं गुपचूप वर चढवत राहिला होता, आणि काकांना बहुधा त्याचा पत्ताही नव्हता.

ती हेडफोन काढणार, एवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, जरा लांबून, भांड्यांच्या आवाजातून.

"हा माणूस तिला फसवणार, बघा तुम्ही."

"पुढचं सांगू नकोस. मी अजून वाचलेलं नाही," काका म्हणाले.

"मी तरी कुठे वाचलंय? लक्षणं दिसतात की."

मग दोघं हसली, आणि काकांनी ते वाक्य पहिल्यापासून वाचायला घेतलं.

टाइपबाई जेवायला उठली नाही. फाइलमागून फाइल ती मधूनमधून ऐकत गेली. जवळजवळ प्रत्येकीत कुठे ना कुठे काकू होत्या. घसा बसेल, पाणी प्या म्हणत होत्या. एखाद्या दुःखाच्या पानानंतर नाक ओढत होत्या, आणि काका त्यांचं आवरेपर्यंत थांबत होते. पक्क्या पुस्तकांत यातलं काही नव्हतं. मुद्रितशोधकाने सगळं स्वच्छ काढून टाकलं होतं.

संध्याकाळी ती सचिवांकडे गेली. "मला दोन दिवस द्या. काकूंना विचारल्याशिवाय मी हे पुसणार नाही."

सचिवांनी तिच्याकडे पाहिलं. बाईंनी आजवर त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. "चार घ्या," ते म्हणाले.

काकूंचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. टेबलावर अजून संस्थेचा मायक्रोफोन होता, त्यावर धूळ बसू नये म्हणून रुमाल घातलेला. काकूंना वाटलं, बाई तो परत न्यायला आलीय.

"नेऊ नकोस म्हणणार नाही मी, तुमचाच आहे. फक्त थोडं पुसून देते."

"त्यासाठी नाही आले, काकू. तुम्ही काकांची पुस्तकं ऐकता का?"

काकूंनी मान हलवली. "एकदा लावलं होतं. दोन पानं ऐकली आणि बंद केलं." त्यांनी मायक्रोफोनवरचा रुमाल सारखा केला. "किती छान वाचायचे, नाही? पण त्यात ते सगळ्यांशी बोलतात गं. माझ्याशी नाही."

टाइपबाईने पिशवीतून लॅपटॉप काढला, टेबलावर ठेवला आणि ती पहिली फाइल लावली. 'अंहं' आलं तेव्हा काकू किंचित हसल्या. मग त्यांचा स्वतःचा आवाज आला, आणि त्यांनी हात टेबलावर सपाट ठेवला, जणू ते हलत होतं.

"मी इतकं बोलायचे मधेमधे?" त्या म्हणाल्या. "कधी रागावले नाहीत."

"तुम्ही बोललात की वाक्य पहिल्यापासून वाचायचे. एकदाही कंटाळलेले ऐकू येत नाहीत."

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि ताठ बसल्या. "हे किती आहे?"

"छत्तीस पुस्तकांचं आहे. आणि सदतिसाव्याची अकरा प्रकरणं. ते अर्धं राहिलं."

सगळ्या फायली एका छोट्या डिस्कवर उतरायला दोन दिवस लागले. टाइपबाईने प्रत्येक पुस्तकाची एकेक फाइल उघडून नीट उतरल्याची खात्री केली, मग डिस्कची दुसरी प्रत करून कपाटात ठेवली, आणि त्यानंतरच काकूंना फोन केला.

"आता तिकडचं पुसू का?"

"तिकडे मग त्यांचं काहीच उरणार नाही?"

"पक्की पुस्तकं आहेत ना. आजच सकाळी एकाने तिसऱ्यांदा त्यांचंच पुस्तक मागितलं."

"मग पूस," काकू म्हणाल्या. "ज्यांना वाचायचंय त्यांना जागा दे. ते असते तर त्यांनीच सांगितलं असतं."

टाइपबाईने बटण दाबलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं. पुढच्या आठवड्यात अहवाल आला, वर बासष्ट आणि खालीही बासष्ट. सचिवांनी तो पाहून काहीच विचारलं नाही, आणि हेच त्यांचं कौतुक होतं हे ती ओळखून होती.

डिस्क लावायची कशी हे काकूंच्या काही केल्या लक्षात राहीना. दोनदा शिकवून झाल्यावर टाइपबाईने नाद सोडला आणि दर बुधवारी काम सुटल्यावर स्वतःच जाऊ लागली. खरं तर कितीदा शिकवलं असतं तरी काकू विसरल्याच असत्या, असा तिला संशय होता. तिची हरकत नव्हती. नवरा बुधवारी स्वतःच्या हाताने स्वयंपाक करू लागला आणि तो तिच्यापेक्षा चांगला करतो असं त्याचं मत झालं.

दोघी पुस्तकं पहिल्यापासून क्रमाने ऐकत. एका बुधवारी तिसरं पुस्तक चालू होतं. काका वाचता वाचता थांबले, कागद चाळल्याचा आवाज झाला. काकू शेंगा सोलत बसल्या होत्या.

"माझा दुसरा चष्मा कुठे ठेवलास?" काकांनी विचारलं.

"फ्रिजवर," काकू मान वर न करता म्हणाल्या. अर्ध्या क्षणाने मुद्रणातल्या काकूही तेच म्हणाल्या.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. काकूंना हसू आवरेना, हसता हसता शेंगा मांडीवरून खाली सांडल्या. टाइपबाई त्या वेचायला वाकली. काका चष्मा घेऊन येईपर्यंत मुद्रणात कुणीच बोलत नव्हतं, फक्त पंखा फिरत होता. मग खुर्ची सरकली आणि त्यांनी तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.