झोळीची गाठ
भाताची रोपं पेरण्याआधी जमिनीवर फांद्या-पाला जाळून राब भाजतात, त्याचा वास आला की मला ती घोंगडी आठवते. सूर्यमाळजवळच्या आमच्या पाड्यावर राबासाठी फांद्या तोडताना थोरला भाऊ ऐनाच्या झाडावरून पाठीवर पडला. "माझे पाय कुठं हायत?" एवढंच तो विचारत होता. आमच्याकडे आजारी माणूस झोळीतूनच न्यायचा, म्हणून बांबूला घोंगडी मीच बांधली, आणि गाठ घट्ट बसली म्हणून काकांनी माझं कौतुकही केलं. डांबरी रस्ता येईपर्यंतच्या उतारावर तो त्या झोळीत दुमडून लोंबकळत राहिला. तिथून जीपने जव्हारला नेला. डॉक्टरांनी त्याच्या तळपायाला सुई टोचली, त्याला कळलीच नाही. "फळीवर सरळ झोपवून आणायचं ना. मोडलेला मणका वाटभर वाकवलात तुम्ही," ते माझ्याकडे बघून म्हणाले. घरचं दार कुडाच्या भिंतीला नुसतं टेकवलेलं होतं, उचललं असतं तर हातात आलं असतं. पुढे अकरा वर्षं भाऊ खाटेवरच होता. परवा पेपरात वाचलं, दुखावलेल्या मज्जारज्जूत आता सुईने जेलीसारखा पदार्थ सोडून बघतात, त्यातून औषध हळूहळू झिरपतं आणि प्रयोगातले उंदीर पुन्हा चालायला लागलेत. चालणारच. त्यांना तिथवर झोळीतून कोणी नेलं नव्हतं.