उरलेल्या पानांचा डेक

उल्हासला मी शेवटची भेटले तेव्हा तो हॉस्पिटलमधून नुकताच घरी आला होता. इंदिरानगरमधल्या त्याच्या घरी पुढच्या खोलीत खिडकीपाशी खाट टाकली होती. संगीता, त्याची बायको, मोसंबी सोलत बसली होती आणि मी सवयीप्रमाणे औषधांच्या वेळा कागदावर उतरवून तो कागद कपाटाच्या दाराला चिकटवत होते. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "स्टोअरबाई, डॉक्टरांनी मला परत हातात दिलंय. आता हात रिकामा ठेवू नका." संगीताला वाटलं, अशक्तपणामुळे काहीतरी असंबद्ध बोलतोय. मला हसू आलं, आणि लगेच ते आवरावंही लागलं... पुढच्याच आठवड्यात त्याला पुन्हा न्यावं लागलं आणि तो परत आला नाही. आता महिना उलटून गेला. भेटायला आलेल्या माणसांनी त्याच्याबद्दल पुष्कळ सांगितलं. कंपनीतले लोक त्याच्या कामाबद्दल बोलले, त्याच्या गावचे, देवळ्याचे लोक त्याने वडिलांचा कांद्याचा व्यापार कसा सावरला ते बोलले. पत्त्यांच्या खेळाबद्दल कोणी बोललं नाही. तो विषय माझ्या वाट्याला राहिला, म्हणून हे लिहितेय.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघं सातपूरच्या एका कारखान्यात कामाला होतो. मी स्टोअरमध्ये, तो तपासणी विभागात. तो मूळचा देवळ्याचा, नाशकात खोली घेऊन राहायचा. आमच्या कंपनीतल्या नितीनचा भाऊ अमेरिकेत नोकरीला होता. सुट्टीवर आला तेव्हा त्याने एक खोकंभर पत्ते आणले. बदाम-इस्पिकचे नव्हेत. ड्रॅगन, जादूगार, दलदलीतली भुतं अशी चित्रं आणि त्याखाली बारीक इंग्रजीत प्रत्येक पानाची करामत लिहिलेली. या खेळात प्रत्येक जण आपल्या आवडीची साठ पानं निवडून स्वतःचा संच बनवतो, त्याला डेक म्हणतात. पानं हातात घ्यायची, पानाची किंमत भरायची ऐपत झाली की टेबलावर उतरवायची आणि समोरच्याला नामोहरम करायचं. कॉलेज रोडवर नितीनच्या घरी रविवारी आम्ही जमायला लागलो. नितीन, त्याचा शेजारी सादिक, उल्हास आणि मी. नितीनच्या आईला आम्ही चौघं जुगार खेळत नाही हे पटायला दोन महिने लागले. त्यानंतर चिवडा मिळायला लागला.

खोक्यात नियमांचं पुस्तक नव्हतं. पानांवर लिहिलेलं वाचायचं आणि जिथे अडेल तिथे आपल्या अकलेनं पूल बांधायचा, असं चाललं होतं. उदाहरणार्थ, काही पानांवर लिहिलेलं असायचं की समोरच्याला हातातलं एक पान टाकून द्यावं लागेल. कोणतं पान, ते कोण ठरवणार? आम्हाला कोणालाही प्रश्न पडला नाही. आम्ही सगळे गुलामचोर खेळून मोठे झालेले. समोरच्यानं हातातली पानं उलटी पसरून धरायची आणि आपण त्यातलं एक ओढायचं, हे आम्हाला इतकं स्वाभाविक वाटलं की वर्षभर आम्ही तसंच खेळलो. तोवर शहरात सायबर कॅफे आले होते. शंका आली असती तर विचारलं असतं. पण शंकाच आली नाही.

पुण्यात या खेळाची स्पर्धा होणार असल्याची बातमी सादिकनं आणली. उल्हासला जायचं होतं, आणि त्याला यंदाच जायचं होतं. वडिलांची तब्येत उतरत चालली होती. दिवाळीनंतर दर रविवारी देवळ्याला येऊन कांद्याचं दुकान बघायचं, असं त्याने घरी कबूल केलं होतं. म्हणजे रविवार संपले. खेळायला मिळणारी ही पहिली स्पर्धा आणि शेवटचीही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आमच्यातला खराखुरा खेळाडू तोच होता, याबद्दलही वाद नव्हता. पानं सामाईक होती आणि त्यांची यादी माझ्याकडे. मी हिशोब मांडला : चांगली पानं सगळी एकत्र केली तर एक भक्कम डेक होतो. तो उल्हासने खेळावा, आपण तिघांनी सोबत जावं. नितीन-सादिकला पटलं. उल्हासला पटलं नाही.

"खेळतो चौघं ना? मग बसायचं पण चौघांनी."

मी म्हटलं, पानं पुरणार नाहीत. एक डेक चांगला होईल, फार तर ताणून तीन, आणि तेही मध्यम.

"तीनच करा. तुम्हा तिघांचे. तुमच्या यादीत सगळ्यात खाली काय लिहिलंय?"

सगळ्यात खाली मी 'निरुपयोगी' असं लिहिलं होतं. दुबार आलेली, किरकोळ, कोणी डेकमध्ये घेत नाही अशी पानं. बुटांच्या खोक्यात भरून ती नितीनच्या पलंगाखाली ढकललेली होती.

"ते खोकं मला द्या," उल्हास म्हणाला.

मी भांडले. एकाची संधी चौघांत वाटून कोणाचीच होत नाही, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि पलंगाखालून खोकं ओढलं. पुढचे काही रविवार तो आमच्या कोंडाळ्यात बसलाच नाही. जमिनीवर पानं मांडायची, उचलायची, परत मांडायची. त्या खोक्यात दोन जातींची पानं भरपूर होती. एक, समोरच्याचं टेबलावर उतरलेलं पान परत त्याच्या हातात पाठवणारी. दुसरी, हातातलं पान टाकायला लावणारी. दोन्ही जाती आम्ही टाकाऊ ठरवल्या होत्या. पान परत हातात गेलं तर समोरचा ते पुन्हा उतरवतो, काय फायदा? आणि हातातलं एखादं पान गेलं तर दुसरी असतातच. उल्हासने दोन्ही एकत्र लावली. समोरच्याने मोठ्या कष्टाने उतरवलेला ड्रॅगन आधी त्याच्या हातात परत द्यायचा आणि लगेच त्याच्या हातातून तोच ओढायचा. पसरलेल्या पानांत तो ड्रॅगन कुठे खोचला गेला, हे उल्हासच्या नजरेतून सुटत नसे. दिवसभर बेअरिंगवरचे चरे शोधणारी नजर ती. आम्ही तिघंही ओळीने हरलो.

नितीन वैतागून म्हणाला, "हा डेक आहे का घरमालक? आधी सामान हातात देतो, मग म्हणतो खोली सोडा."

"माझा घरमालक तर सामान पण देत नाय," उल्हास म्हणाला. तेव्हापासून त्या डेकचं नाव घरमालक पडलं.

पुण्याला आम्ही आदल्या दिवशी एसटीने गेलो, माझ्या मावशीकडे उतरलो. स्पर्धा एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये होती. तिथल्या मुलांची पानं एकेक करून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली. आमची उघडी, चिवड्याचं तेल लागलेली. उल्हाससमोर पहिल्या फेरीत एक कॉलेजचा मुलगा आला. उल्हासने त्याचं मोठं पान परत हातात पाठवलं, मग पान टाकायला लावणारं पान खेळला आणि त्याच्या हाताकडे बोटं नेली. मुलानं हात छातीशी ओढून घेतला. "अहो काका, काय करताय?" उल्हास तेव्हा तिशीचाही नव्हता.

पंच आला. त्याने नम्रपणे समजावून सांगितलं की असं ओढायचं नसतं. ज्याचा हात, त्याने स्वतः निवडून एक पान टाकायचं असतं. आजूबाजूची दोन-तीन टेबलं हसली. मुलानं हातातलं सगळ्यात फालतू पान टाकलं, आपलं मोठं पान ठेवलं आणि पुन्हा उतरवलं. उल्हासने परत पाठवलं, त्याने पुन्हा फालतू टाकलं. वर्षभर ज्या रीतीवर आम्ही खेळलो, जिच्यावर त्याने अख्खा डेक उभारला, ती नाशिकबाहेर अस्तित्वातच नव्हती. तो सपशेल हरला. दोनदा हरला की बाहेर असा स्पर्धेचा नियम होता, म्हणून अजून एक संधी शिल्लक होती.

मधल्या सुट्टीत आम्ही खाली चहाच्या टपरीवर उभे होतो. मी, सादिक, नितीन, आम्ही तिघांनी पहिली फेरी कशीबशी का होईना जिंकली होती, आणि ती त्याने सोडलेल्या पानांवर. नितीनने स्वतःचा डेक त्याच्यापुढे धरला, म्हणाला, अदलाबदल कर. नियमात ते बसत नव्हतं आणि उल्हासने बघितलंही नाही. तो चहाचा ग्लास तसाच धरून रस्त्याकडे बघत होता. मग मला म्हणाला, "स्टोअरबाई, स्टोअरमध्ये एकच नट शिल्लक असला आणि कोणी मागायला आला, तर तुम्ही कोणता देता?"

मी म्हटलं, एकच असेल तर तोच देणार, निवडायचं काय त्यात?

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला आणि गार झालेला चहा एका घोटात संपवून जिना चढायला लागला.

डेकमधलं एकही पान त्याने बदललं नाही. क्रम उलटा केला. आधी परत पाठवायचं आणि मग टाकायला लावायचं, हा आमचा क्रम होता. आता तो आधी नुसताच टाकायला लावत बसला. समोरच्याने खुशाल फालतू पानं टाकावीत. मोठं जनावर टेबलावर उतरून मारायला लागलं तरी उल्हास मार खात बसायचा आणि समोरच्याची पानं मोजायचा. हात पूर्ण रिकामा झाला, की मग टेबलावरचं ते एकुलतं एक पान परत हातात. आता हातात तेवढंच. मग म्हणायचं, एक टाका. खाटेवर पडल्या पडल्या तो मला हात रिकामा ठेवू नका का म्हणाला, ते वाचकांच्या आता लक्षात आलं असेल.

दुसरी फेरी त्याने जिंकली. तिसरी आणि चौथीही. दुसरी आणि तिसरी फेरी हरून माझी वाट लागली होती, त्यामुळे पाचवी मी त्याच्या खांद्यामागे उभी राहून पाहिली. ती जिंकणारा पहिल्या तिघांत जाणार होता. समोर तिथला एक नावाजलेला खेळाडू, चांगला पस्तिशीचा गृहस्थ. त्याने सुरुवातीलाच उल्हासची पानं बघून विचारलं होतं, "ही कार्डं कोण खेळतं हो?" उल्हास म्हणाला, "नाशकात खेळतात." गृहस्थांचा ड्रॅगन उतरला आणि उल्हासला ठोकत सुटला. आणखी एक फटका बसला असता तर खेळ संपला असता. गृहस्थांचा हात रिकामा होता. उल्हासने हातातलं पान खाली ठेवलं, ड्रॅगनकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "हा तुमचा. घ्या परत." त्यांनी घेतला. उल्हासने दुसरं पान ठेवलं. "आता एक टाका."

ते हातातल्या एकुलत्या पानाकडे बघत बसले. "काय टाकू?"

"तुम्हीच निवडा साहेब. नियम तुमच्याकडचाच आहे."

सकाळी हसलेली टेबलं पुन्हा हसली. पण आता वेगळं हसली. गृहस्थसुद्धा हसले, ड्रॅगन टाकला आणि पुढे थोड्या वेळाने हार मानून त्यांनी हात मिळवला. उल्हास तिसरा आला. बक्षीस म्हणून पानांची नवीन पाकिटं मिळाली. परतीच्या एसटीत संगमनेरच्या आधीच त्याने ती फोडली आणि चार ढीग केले. मी त्या वेळी यादीत नोंद करायला वही काढली होती, ती मांडीवर तशीच राहिली. एकाची संधी चौघांत वाटली तर कोणाचीच होत नाही, असं म्हणणारी मीच होते. आणि आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या तरी स्पर्धेत जिंकलेला एक डाव माझ्या नावावर होता. त्याचा अभिमान मला आजही आहे. उल्हासबद्दलचा त्याहून जास्त.

दिवाळीनंतर तो खरोखरच रविवारी देवळ्याला जायला लागला. पुन्हा कुठल्या स्पर्धेला गेला नाही आणि त्याबद्दल कुरकुर केलेली मी ऐकली नाही. लग्न झालं, वडील गेले, दुकान चुलतभावाकडे सोपवलं, तेव्हा कुठे त्याचे रविवार मोकळे झाले. इंदिरानगरच्या घरात त्याने पुन्हा टेबल मांडलं. तोवर सामाईक पानं सगळी त्याच्याच घरी जमा झाली होती. त्यातून त्याने काजूकतलीच्या रिकाम्या डब्यांत डेक लावून ठेवले. येईल त्याला बसवायचं हा त्याचा खाक्या. सोसायटीतले सेक्रेटरी, संगीताची बहीण, गॅस दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा एकदा अर्धा तास खेळून गेलेला आहे. डबे मांडायचे, आलेल्यांनी आधी उचलायचे, शेवटी उरेल तो उल्हासचा.

मागच्या रविवारी संगीतानं आम्हा तिघांना बोलावलं. पानांचं काय करायचं ते ठरवा म्हणाली. मी वही घेऊन गेले होते. एकेक डबा उघडून पानं तपासायला लागले, कोणत्या डब्यात भारी पानं आहेत ते वेगळं काढावं म्हणून. भारी पानं होतीच. पण ती सगळ्या डब्यांत पसरून टाकलेली होती. एका डब्यात जास्त जोर आहे असं वाटलं, की शोधून बघावं तर दुसऱ्यात त्याला उत्तर सापडायचं. नितीन म्हणाला, हे कोणी किती वर्षं करत बसलं असेल? मी वही मिटली. सादिकने न विचारता टेबल भिंतीपासून पुढे ओढलं. चार डबे मांडले. त्यानं एक घेतला, नितीननं एक, मी एक. चौथ्याकडे कोणी बघत नव्हतं...

संगीता स्वयंपाकघरातून हात पुसत आली. इतकी वर्षं ती या टेबलाला चहा द्यायची आणि उभ्यानेच बघायची, खेळली कधी नव्हती. तिने खुर्ची ओढली, राहिलेला डबा स्वतःपुढे घेतला, पानं बाहेर काढली आणि आमच्याकडे न बघता पिसायला लागली.

"सांगत चला मला," ती म्हणाली. "पण सोपं खेळू नका कोणी."