नवरदेवाची कात

साप धरायला मी शिकलो त्याला शौर्याचं काही कारण नाही. मला एका जागी बसवत नाही, एवढंच. शाळेत शिकवतानाही फळ्यापासून दारापर्यंत माझ्या येरझाऱ्या चालू असतात. आमच्याकडे कुठे साप निघाला की लोक मला बोलावतात. साप दर वेळी सापडतोच असं नाही, पण मी पळताना हमखास दिसतो.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा गावामागची टेकडी चारी बाजूंनी पाण्यात आली आणि तिचं बेट झालं. वर अजगर अडकले. बऱ्याच वर्षांनी पुण्याहून एक संशोधक मॅडम आल्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी बेटावरच्या काती वेचून तपासायला पाठवल्या. टाकलेल्या कातीवरून कोण कोणाचा भाऊ हे कळतं म्हणे. निघालं असं की तिथले सगळे एकमेकांचे सख्खे नाहीतर चुलत. मादी अंडी घालते, वेटोळं घालून बसते, आणि पिल्लू एक निघत नाही. बाहेरचा नर आला नाही तर बेटावरचे अजगर संपणार. अजगरांचं जुळतं थंडीत, आणि थंडी तर लागली होती.

हे गावाला समजावण्याचं काम मी अंगावर घेतलं. पानठेल्यावर उभा राहून म्हणालो, "घरातल्या घरात सोयरीक होऊन राहिली ना बाप्पा! बाहेरचा नवरदेव पाहिजे."

लोकांना एकदम पटलं. माझी फजिती इथेच सुरू झाली, पण तेव्हा मी टाळ्या मोजत होतो.

थोड्याच दिवसांत मोहाडीकडे धान कापून रचलेल्या पुंजण्याखाली एक अजगर निघाला. नर. वनखात्यानं पिंजऱ्यात ठेवला. मी तर मुहूर्त काढायलाच निघालो होतो.

"थांबा काका," मॅडम म्हणाल्या. "हा बेटावरचाच नसेल कशावरून? तुम्ही सर्पमित्र लोक इकडे धरता आणि तिकडे सोडता."

एक अजगर मी खरंच पोत्यात घालून मोहाडीकडे सोडला होता. तो बेटाच्या काठावर धरला होता की सिहोऱ्याकडे, काही केल्या आठवेना. हा तोच असला तर नवरदेव म्हणून आम्ही नवरीचा भाऊच नेत होतो.

पिंजऱ्यात त्यानं कात टाकली. ती कागदी पाकिटात घालून, हात न लावता, मॅडमना द्यायची होती. मी ती आधी घरी नेली. कायले? वहिनीला दाखवायला. दुसरं काही कारण नाही. पाकीट टेबलावर ठेवलं, अंगणात दोन फेऱ्या मारून आलो, तर कात ताटात पसरलेली आणि डोक्यापासून शेपटापर्यंत पिवळीजर्द.

"वहिनी! हे काय केलं?"

"हळद लावली."

"काहून पण?"

"तुमीच तर गावभर सांगून राहिले नवरदेव, नवरदेव. मंग हळदीबिगर कोनी धाडते का नवरदेवाले? तुमच्या लग्नात तं दोनदा लावली होती, तरी रंग नाही चढला."

ताट तसंच उचलून मी पिंजऱ्यापाशी नेलं. मॅडमनी ताट पाहिलं, मग मला पाहिलं. मला वाटलं रागावतील. त्या खुर्चीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "ही आता तपासणीच्या कामाची नाही. जिवंत अजगराच्या पोटाचा खवला घ्यावा लागेल. डोकं कोण धरणार?"

वनखात्याचे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी डोकं धरलं. बाकीचा अजगर माझ्या हाताला, मग खांद्याला भेटायला आला. मॅडम खवल्याचा कण कापत होत्या आणि मी "झालं का? झालं का?" विचारत होतो. त्यानं शेवटी माझ्या पँटवर मोकळं होऊन उत्तर दिलं.

मग निकालाची वाट पाहणं. सकाळच्या धुक्याला हात लावून बघायचो, अजून थंडी आहे ना? दुपारी ऊन चावलं की कॅलेंडरवर थंडीचे उरलेले दिवस मोजायचो. वर्गात मुलांनी माझ्या फेऱ्या मोजायला सुरुवात केली होती. बेटावर ती मादी, पिंजऱ्यात हा, आणि मध्ये माझं पोतं.

फोन आला तेव्हा मी पुस्तक उलटं धरून शिकवत होतो.

"काका, बाहेरचाच आहे. बेटाशी काही नातं नाही."

त्याच दिवशी डोंगा वल्हवत त्याला नेलं. बेटावर पोत्याचं तोंड सोडलं, तर महाशय दगडाला टेकून पडून राहिले. मी चारदा काठापर्यंत जाऊन आलो, तरी ते तिथेच. एवढं निवांत मला जन्मात जमलं नाही.

पावसाळ्यात बेटावर पिल्लं दिसली. पण बाप हाच की बेटावरचा कोणी, ते त्यांची कात सांगणार होती. झुडपाखाली करंगळीएवढ्या जाडीची एक कात सापडली. ती पाकिटात घालून मी थेट मॅडमकडे निघालो होतो. वाटेत फक्त चष्मा घ्यायला घरी शिरलो.

"पाकिटात काय आहे भाऊजी?" वहिनीनं दारातच विचारलं.

"लेकराची कात," मी बोलून बसलो.

"लेकराची? थांबा मंग जरासे."

ती आत वळली. मसाल्याच्या डब्याचं झाकण वाजलं. चष्मा राहिला तिथेच. मी पाकीट शर्टाच्या आत घालून अनवाणीच गाडीला किक मारली.