चित्र बघून ओळख

"थांब. अशी अक्षरं जोडायला कोणी शिकवलं तुला?"

शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी सुनीताचं बोट इंग्रजी पुस्तकावरून उचललं. तिसरीतली पोर. घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मीच शिकवलं होतं. चोरून.

मुलचेऱ्याच्या पुढे जंगलात आमची दोन खोल्यांची शाळा. साहेब शहरातून नवी पद्धत घेऊन आलेले. सुटी अक्षरं शिकवायची नाहीत. अख्खी गोष्ट वाचून दाखवायची, पोरांना आपोआप वाचता येतं. अडलं तर चित्र बघून ओळखायचं.

"चित्र बघ. बाई टोपलीत काय वेचतेय?"

चित्रात द्राक्षं होती. सुनीताने जन्मात द्राक्षाचा मळा पाहिलेला नाही. पिवळट, गोल, टोपलीभर. तिची माय चैतात जंगलात रोज अशीच फुलं वेचते.

"मोहा," ती म्हणाली.

साहेब खो खो हसले. नवी पद्धत बघायला जमलेले केंद्रातले सगळे शिक्षक हसले. मग साहेब माझ्याकडे वळले. "तुम्हीही अक्षरं घोकूनच शिकलात ना बाई? तुमच्या इंग्रजीवरून कळतंच. जंगलातून आलेल्यांचं असंच असतं."

पोरांसमोर म्हणाले. आणि मी काय केलं? मीही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

साहेबांची गाडी गेल्यावर सुनीता जवळ आली. "बाई, मी त बरोबर वाचून राह्यली होती. त्यायनं थांबवलं काऊन?"



साहेबांच्या पोरांना पाळण्यापासून इंग्रजी गोष्टी ऐकायला मिळतात. त्यांनी खुशाल ओळखावं. आमच्या पोरांच्या घरात गोंडी, शाळेत मराठी, त्यावर इंग्रजी. घरी पुस्तक नावाला नाही. कशाच्या जोरावर ओळखायचं? अक्षर तेवढं हाती येत होतं, तेही काढून घेतलं. आणि वर म्हणायचं, ही पोरं मठ्ठ.

पुढच्या प्रशिक्षणात हमीपत्र आलं. सुटी अक्षरं शिकवणार नाही, खाली सही. सगळ्यांनी केली. मी कागद परत सरकवला.

"सही नाही करत, साहेब."

"बाई, नोटीस निघेल."

"काढा. आमच्या पोरीले वाचता येत होतं. तुम्ही तिले थांबवलं. मी हासली, थे माही चूक. आता नाई हासत."

शेजारच्या गुरुजींनी खुर्ची थोडी लांब घेतली.

नोटीस आली आहे. बदलीही होईल. करा. जिथे टाकाल तिथे पहिल्याच दिवशी फळ्यावर अक्षर काढीन. दार उघडं ठेवून.