काकांची काफुए

साउथहॅम्प्टनमधल्या तमाम मराठी माणसांचा राग एका पारड्यात टाकला आणि आमच्या डॉक्टरकाकांचा दुसऱ्यात, तरी काकांचंच पारडं जड होईल. आणि हा सगळा राग एका नदीपायी! इथल्या हॉस्पिटलात येण्याआधी काका-काकू कितीतरी वर्षं झांबियात, काफुए नदीच्या काठी राहिले. ही काफुए पुढे झांबेझीला मिळते. पण तिला कुणी 'उपनदी' म्हटलं, की संपलंच. "उपनदी? अरे, अर्ध्या देशाला पाणी पाजते ती! मेहनत हिची आणि क्रेडिट झांबेझीला?" एकदा आमच्याकडे जेवताना कुणीतरी भाबडेपणानं विचारलं, "आफ्रिकेत फार ऊन असतं ना हो?" काकांनी वरणभात बाजूला सारला, पापडाचे तुकडे मांडून नदीचं वळण दाखवलं आणि तो पापड शेवटपर्यंत कुणाला खाऊ दिला नाही.

गणपतीत तर भांडण ठरलेलं. कलशातल्या पाण्यात गंगेपासून कावेरीपर्यंत सात नद्यांना बोलावणारा श्लोक मी म्हणायचो आणि काका गरजायचे, "काफुए राहिली! इतकी वर्षं तिचं पाणी प्यायलो, तिला इन्व्हाइट नको?" मीही चिडायचो. "काका, शास्त्रात नाही ते!" एका वर्षी ते आरतीआधीच कोट चढवून निघाले. काकूंनी बाही धरली. "अहो, मोदक खाऊन मग रागवा." काकांनी अकरा मोदक खाल्ले, तेही रागातच.

यंदा काकू गेल्या. गणपतीला काका आले आणि कोपऱ्यात बसले. मी श्लोक म्हटला, कावेरीपाशी मुद्दाम थांबलो. काका गप्प. मला भयंकर राग आला. देवाचा, काकूंचा, त्या गप्प बसण्याचा. मी मोठ्यानं म्हणालो, "काका, तुमची काफुए काँगो नदीलाच मिळते ना?"

सगळे चपापले. काका उठून पुढे आले. कलशात बोट बुडवून पाटावर रेघ ओढू लागले. उत्तरेकडून खाली, मग एकदम पूर्वेला. वळणावर बोट थांबलं. "इथं आमचं क्वार्टर. हिनं दारात तुळस लावली होती." रेघ वाळायला लागली. त्यांनी पुन्हा बोट बुडवलं, ती थेट झांबेझीपर्यंत नेली आणि माझ्यावर कडाडले, "काँगोला म्हणे! गाढवा, पुन्हा म्हण श्लोक. तिला घेऊन!"

कुणाच्या ओरडण्यानं मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मी श्लोक पुन्हा म्हटला. काफुए वृत्तात काही बसली नाही. मी तशीच बोलावली.