शेजारचा कुकर

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली आणि पलंगावर पडलेली आई ताडकन उठून बसली. हात पदर सावरत होते, पाय चपला शोधत होते. "अगं, आपला नाही तो," मी म्हटलं. तोवर तिला धाप लागली होती.

तिचं हृदय कमजोर झालंय. डॉक्टरांनी समजावलं होतं, असं हृदय मागे पडलं की शरीर घाबरून अॅड्रेनलिन सोडतं आणि त्याला पळवतं. ते पळतं, आणखी थकतं, की पुन्हा तोच हुकूम. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइडही झिरपत असतं. ते वाहिन्यांना सैल करतं, हृदयावरचा भार हलका करतं. आईच्या शरीरात नेमकं तेच कमी पडू लागलंय.

मला आमचं घर आठवलं. डबे, पाहुणे, आजोबांचं पथ्य. तिला हाका मारणारे सगळेच होते. "बस गं जरा" म्हणणारं कुणी नव्हतं. आता रोज सकाळी एक गोळी त्या अॅड्रेनलिनला थोपवून धरते. एवढं तर माणसांनाही जमलं असतं.

"पड बरं आता. काही करायचं नाहीये तुला."

ती आडवी झाली. छताकडे बघत हळूच म्हणाली, "कुणी रागावणार नाही ना?"